दुसरा वाचक

मला पुस्तकं वाचण्याचा पगार मिळतो हे ऐकलं की लोक म्हणतात, "मज्जा आहे बुवा!" मज्जा कसली, डोंबलाची. एका सिनेमा कंपनीसाठी मी कादंबऱ्या वाचते आणि दोन पानांत लिहून देते: गोष्ट काय, शेवट काय, पडद्यावर चालेल की पडेल. आमचे साहेब स्वतः पुस्तक उघडत नाहीत. "मीच वाचत बसलो तर तुम्हाला कशाला ठेवलंय?" असं त्यांचं म्हणणं. पण विश्वासही कोणावर नाही, म्हणून प्रत्येक पुस्तक ते दोघांना देतात. दुसरा वाचक कोण, हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. पुस्तक घरी येतं, अहवाल बंद पाकिटातून जातो. संशयावर चाललेलं हे ऑफिस माझ्या स्वभावाला चांगलंच मानवलं होतं.

त्या दिवशी साहेबांनी टेबलावर दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले. एक माझा. दोन्हींत एकच वाक्य अधोरेखित केलेलं: 'ही नायिका रडण्याआधी आपल्याला तशी सूचना देते.'

"सहा महिने हेच बघतोय," साहेब म्हणाले. "तुमच्यातलं कोणीतरी एक जण न वाचताच लिहितंय. सापडू दे, नारळच देतो हातात."

ते वाक्य खरं तर माझंही नव्हतं. ते बाबांचं होतं.

पाय मोडल्यापासून बाबा पलंगावरच असतात. संध्याकाळी त्यांच्याजवळ भाजी निवडत मी दिवसभरात वाचलेलं त्यांना सांगते. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, बोलता बोलता असं एखादं वाक्य टाकतो की मी ते उचलून जसंच्या तसं अहवालात घालते. घरचंच ते, त्याला चोरी कोण म्हणेल? पण दुसरं कोणीतरी माझ्या आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होतं आणि नोकरी माझी जाणार होती.

म्हणजे पाणी घरातच मुरत होतं. दिवसभर बाबांकडे बघणाऱ्या मावशी मला सगळ्यात आधी खटकल्या. मग वरच्या मजल्यावरचे शिंपी. वर्तमानपत्र मागायला येतात आणि अर्धा तास हलत नाहीत, ते काय उगाच? दादा तेवढा माझ्या यादीत नव्हता. तो माझ्याआधी याच धंद्यात पडलेला. कुठल्या कंपनीसाठी वाचतो ते सांगत नाही, करारच तसे असतात. हल्ली इकडे फिरकत नव्हता, हा त्याचा शिष्टपणा असं मी धरून चालले होते. पण वाचायला मला त्यानेच शिकवलं. त्याला माझ्या उष्ट्याची काय गरज?

पुढचं पुस्तक घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका विधवेचं होतं. शेवटी ती दुकान विकते आणि गाव सोडते. बाबांना मात्र मी सांगितलं, "दुकानाला आग लागते. सगळं जळून जातं."

"अरेरे," बाबा म्हणाले. मला वाईट वाटलं, पण चोर पकडायचा तर चारा टाकायला हवाच.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. "तुम्ही लिहिलंय दुकान विकलं जातं. दुसऱ्याने लिहिलंय आग लागते. खरं काय?"

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेव्हाच सांगून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. पण मला चोराला आधी समोरासमोर गाठायचं होतं. "उद्या खात्री करून सांगते," म्हटलं आणि घर गाठलं.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. मी सरळ विचारलं, "बाबांचं बोलणं बाहेर कोणाला सांगता तुम्ही?"

मावशींनी हातातली कढई आपटली. "मी? अहो ताई, रोज दुपारी तुमच्या दादांचा फोन येतो. बाबाच त्यांना सांगतात सगळं, अगदी सावकाश, परत परत. मी तेवढ्यात चहा टाकते. माझ्यावर आळ घेताना जिभेला काही हाड?"

मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्याला अक्षर दिसत नाही आता," बाबा म्हणाले. "सहा महिने झाले. तुझ्या वहिनीशिवाय कोणाला माहीत नाही. ती नोकरी सांभाळून त्याचे अहवाल तेवढे लिहून देते. तुम्हा दोघांकडे एकच पुस्तक येतं, हे मला तुमच्या गोष्टींवरून कळलं होतं. मग तू सांगायचीस ते मी त्याला द्यायचो."

"म्हणजे मी रोज तुमच्यासाठी घसा कोरडा करत होते, आणि तुम्हाला दादासाठी माल हवा होता! मला का नाही सांगितलंत?"

"तुला? तू तपास करत बसली असतीस." मग त्यांनीच विचारलं, "दुकान जळत नाही ना त्यात?"

"नाही."

"मला खोटं सांगितलंस." एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. रागही तेवढाच आला होता, कोणाचा ते मात्र कळेना.

सकाळपर्यंत मी स्वतःला बजावत होते की खरं बोलायला काय हरकत आहे. मी पुस्तक वाचलं होतं, त्याने नव्हतं. पण दादाला दुसरं कोण काम देणार होतं?

"हं, विकतात की जळतं?" साहेबांनी विचारलं.

"जळतं," मी म्हणाले. "मी शेवटची पानं वाचली नव्हती. माझीच चूक."

"आणि ती सारखी वाक्यं?"

"तीही मीच चोरली. त्या दुसऱ्याची, पाकीट फोडून."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "आगीबिगीचा खर्च आपल्याला झेपणारा नाही. पुस्तक नको. आणि उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

जिन्याच्या मधल्या पायरीवर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. माझ्याकडे पुस्तक येणार नाही, म्हणजे बाबांकडे गोष्ट जाणार नाही, म्हणजे दादाच्या हाती काहीच लागणार नाही. त्याला वाचवायला निघाले होते आणि त्याचीच शिडी काढून घेतली होती.

मी घरी न जाता दादाकडे गेले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. बेल वाजवली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग भिंतीला हात लावत कोणी येत असल्याचा.

दादाने दार उघडलं. मी हातभर अंतरावर उभी होते, भर दुपारच्या उजेडात. त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि अदबीने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"मी आहे रे," मी म्हणाले. "तुझं पुस्तक आण. वाचून दाखवते."