छातीचा फोटो

आई एकोणऐंशीच्या जूनमध्ये चंदीगडच्या एका नव्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रुजू झाली. नव्या नर्सला पहिले सहा महिने क्षयाचा वॉर्ड, ही तिथली पद्धत. त्या सहा महिन्यांत आजारपणाची रजा घेतली तर नोकरी पक्की होत नसे. खोकला सुरू झाल्यावर ती कुणाला कळू नये म्हणून चादरींच्या खोलीत जाऊन खोकून येई. नोकरी पक्की झाली. मग क्षय निघाला. दीड वर्षाने ती गेली.

‘आजार पूर्वीचा असावा,’ असं हॉस्पिटलने तिच्या फाइलीत लिहिलं. मला ती ओळ बदलून हवी होती. तिसऱ्या खेपेला हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या बाबूने मान वर केली.

“जॉइनिंग का एक्स-रे लाओ, बीबीजी.”

“वो तो आपके पास होगा.”

“प्लेट वापस कर दी थी जी. ये देखो साइन.” रजिस्टरात आईची वळणदार सही होती.

“पर फॉर्म पे ‘फिट’ लिखा है!”

“फिट तो सबको लिखते हैं जी. नहीं तो वार्ड कौन चलाएगा?”

घरी बाबांनी ट्रंकेतून एक्स-रेचं पाकीट काढलं, पण माझ्या हातात देईनात.

“नयना, ग्रहण आठवतं?”

आठवलं. ऐंशीच्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण. शेजाऱ्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आईने क्वार्टर्समधली सगळी मुलं अंगणात जमवली होती. कात्री माझ्या हातात होती.

“खरंच कापू?”

“काप गं. फिट आहे म्हणून परत दिलाय, आता काय लोणचं घालायचंय त्याचं? काळा भाग घे. तिथून सूर्य नीट दिसतो.”

निरोगी फुप्फुस एक्स-रेत काळंभोर दिसतं. मी नेमकं तेच कापलं होतं. पाकिटात उरला होता पांढरा कणा, खांद्याची हाडं आणि कोपऱ्यात आईचं नाव.

तरीही दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. बाबूने प्लेट खिडकीकडे धरली. दोन भोकांतून बाहेरचं सायकलस्टँड दिसत होतं.

“इसमें फेफड़े कहाँ हैं?”

“साफ थे,” मी म्हटलं. “इसीलिए काटे.”

त्याने प्लेट पाकिटात घातली, रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. प्लेट परत मिळाली म्हणून सही हवी होती.