डिस्कबाबांच्या पडद्यामागे

छापखान्यावरच्या माडीचा जिना इतका अरुंद होता की वर जाणाऱ्याची खाली येणाऱ्याच्या पोटाशी ओळख होई. तरी त्यावर कायम रांग. कुणाच्या काखेत लॅपटॉप, कुणाच्या हातात रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क. वर डिस्कबाबा बसत. डिस्क कपाळाला लावायची, डोळे मिटायचे आणि ती घेऊन काळ्या पडद्यामागे समाधीला जायचं, की हरवलेलं परत! त्या दिवशी एका फोटोग्राफरला कुणाच्या तरी लग्नाचे सगळे फोटो मिळाले आणि तो ओक्साबोक्शी रडला. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या न वाजवणारे दोघंच: मी आणि माझी धाकटी बहीण. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर एकच प्रश्न विचारायची, म्हणून घरात तिचं नावच 'कशावरून' पडलंय.

आम्ही आलो होतो आत्यासाठी; ती आणि आतोबा पुढच्याच रांगेत बसले होते. गल्लीतली दोन पिढ्यांची मुलं तिच्या गोष्टी ऐकत वाढली. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने सगळ्या गोष्टी स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर साठवून ठेवल्या. ऑपरेशननंतर उरली नुसती घोगरी कुजबुज. आणि मग कॉम्प्युटरच सुरू होईना. आतोबा आमच्या घरातले स्वयंघोषित इंजिनिअर. त्यांनी दुरुस्तीचा प्रोग्राम लावला आणि तो जे जे विचारील त्याला, बायकोला म्हणतात तसं, न ऐकता 'हो' म्हणत गेले. कॉम्प्युटर सुरू झाला, पण ज्या कप्प्यात गोष्टी होत्या ते पार्टिशनच गायब!

"माई, या डिस्कला बूटदोष आहे," बाबांनी पहिल्याच भेटीत निदान केलं होतं. "घरात कुणी बूट घालून फिरतं का?"

आतोबांनी हळूच पाय खुर्चीखाली घेतले.

"स्मृती मरत नाही, माई, रुसते. मशीनमधला आवाज आणि गळ्यातला आवाज एकच. हा सुटला की तोही सुटेल. तोवर ते गळ्याचे व्यायाम बंद. रुसलेल्याला ओढायचं नसतं."

खरी गोम इथेच होती. व्यायाम चुकवले तर उरलेला आवाजही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याने ते सोडून दिले होते. बाबा मात्र प्रत्येक भेटीला "अजून रुसवा गेला नाही" म्हणत, डिस्क स्वतःकडेच ठेवून घेत आणि तिला पुढच्या रांगेत बसवत. सगळ्यांची लाडकी आत्या समोर दिसली की गर्दीही वाढे.

त्या दिवशी टाळ्या थांबल्यावर कशावरूनने पिशवीतून एक डिस्क काढली. "बाबा, आधी ही बघता?"

बाबांनी ती कपाळाला लावली. चेहरा पिळवटला. "अरेरे! किती हे फोटो! एक म्हातारा माणूस दिसतोय. त्याला बाहेर यायचंय."

"सकाळीच दुकानातून आणलीये," ती म्हणाली. "अजून काहीच भरलेलं नाही तिच्यात. म्हातारा दुकानदाराचा असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा सावरायच्या आत ती पडद्याशी पोहोचली आणि तिने तो सर्रकन बाजूला केला. आत समाधी चालू होती: एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेली डिस्क आणि स्क्रीनवर हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम, जेमतेम अर्ध्यावर आलेला.

"हा प्रोग्राम कुणालाही फुकट मिळतो," ती म्हणाली. "आमची डिस्क द्या."

तिने डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली आणि सगळ्यांना दिसेल असा तो टेबलावर ठेवला. "आतोबांनी पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली. पानं जागच्या जागी आहेत. हा प्रोग्राम पानं चाळून कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं ते शोधतो. अट एकच, मध्ये नवीन काही लिहायचं नाही, नाहीतर जुनं पुसलं जातं."

आतोबा खाली मान घालून म्हणाले, "पण मी वाचून 'हो' म्हटलं असतं तर?"

"तर आपण घरीच चहा पीत बसलो असतो."

थोड्या वेळाने लॅपटॉपच्या स्क्रीनवर हरवलेलं पार्टिशन उगवलं. तिने आधी सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घेतल्या, मग एक उघडली. "ऐका रे पोरांनो, आज मी सांगणार आहे एका आळशी उंदराची गोष्ट..." आत्याचा जुना, खणखणीत आवाज! जिन्यावरची रांग ऐकायला दारात येऊन दाटली.

बाबांनी संधी साधली. "बघा! इथला आवाज सुटला. माई, आता बोला!"

आत्याने तोंड उघडलं. बाहेर आली ती नुसती हवा. तिने पुन्हा प्रयत्न केला, मान ताठ झाली, डोळे भरून आले. पुन्हा हवाच. मग ती सावकाश बाबांकडे वळली आणि फाटक्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात तिने विचारलं,

"कशावरून?"

बाबांनी पडदा पुन्हा ओढून घेतला. गर्दी मुकाट्याने जिना उतरू लागली, एकमेकांच्या पोटांना धक्के देत.

लोकहो, या माणसाला काम येत होतं. काम म्हणून केलं असतं तर आम्हीच त्याचे आभार मानले असते. त्याने मध्ये पडदा टांगला, आणि त्या पडद्यापायी एका बाईचा उरलासुरला आवाज जायची वेळ आली. पडदा दिसला की एवढंच करा: तो बाजूला सारा आणि विचारा.

आत्या आता रोज खिडकीत बसून व्यायाम करते. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येतो. गल्लीतली पोरं त्याच आवाजात गोष्ट मागतात, आणि ती सांगते.