डब्याचा दहावा हिस्सा

शालूबाईला फुटबॉलमधलं काही म्हणता काही कळत नव्हतं. चेंडू पायानं मारायचा आणि हातानं फक्त एकानंच धरायचा, एवढं तिला ठाऊक होतं; तेही शेजारच्या सलिमाचा, तिच्याकडंच राहणारा भाऊ जैनुद्दीन मिरजेच्या नवजवान संघाचा गोलकीपर होता म्हणून. पण फुटबॉलच्या पैजेचा हिशेब विश्रामबागेतल्या त्या खोल्यांच्या ओळीत तिच्याइतका कुणाला कळत नव्हता, आणि तिला वैताग होता तो याचाच.

तिचा नवरा नाथाजी साखर कारखान्यात फिटर. दारू नाही, तंबाखू नाही. पण मिरजेच्या मैदानावर सामने सुरू झाले की अंगात आल्यासारखं करायचा. शनिवारी काम सुटलं की सायकल परस्पर मिरजेला. मैदानाबाहेर बिराप्पाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पैज लावणाऱ्या दोघांचेही पैसे तोच धरून ठेवायचा आणि सामना संपला की जिंकलेल्याच्या हातात टेकवायचा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली नाथाजीनं एका सामन्यावर अर्धा पगार घालवला, आणि गेलेलं परत आणायचं म्हणून पुढच्या सामन्यावर उरलेला अर्धा. तो महिना शालूबाईनं आष्ट्याहून माहेरची ज्वारी आणून काढला.

भांडून झालं, रडून झालं, सासऱ्यांकडून दम देववून झाला. दिवाळीचा बोनस आला तेव्हा तिनं त्यातले थोडे पैसे एका पत्र्याच्या डब्यात टाकले आणि डबा नवऱ्यापुढं आपटला.

"खेळायचं सोडत न्हाई न्हवं तुमी? मग माझ्या रीतीनं खेळा. पगाराला हात न्हाई. डब्यात असंल त्याचा दहावा हिस्सा एका सामन्याला. डबा वाढला की हिस्सा वाढंल, उतरला की उतरंल. हरलासा म्हणून डबल लावायचं न्हाई, आन् जिकलासा म्हणून बी न्हाई."

"असं कुठं पैज खेळत्यात व्हय?" नाथाजी म्हणाला. "बायकांची भिशी हाय का ही?"

"भिशीत आजवर कोन बुडालंय?"

तो कुरकुरत तयार झाला आणि डबा चालला. नाथाजी ओळीनं तीन सामने हरला, तरी डबा रिकामा झाला नाही. पुढं चार जिंकला आणि डबा जड झाला. कारखान्यातली माणसं दारात येऊन विचारू लागली, "वैनी, आमी किती लावावं वं?" शालूबाई त्यांना हाकलायची. ज्या खेळाच्या नावानं तिनं बोटं मोडली, त्याच खेळाची ती मास्तरीण झाली होती. बरं, नवऱ्याला त्याचं सुख असावं तर तेही नाही. जिंकून घरी आला की पहिलं वाक्य हेच, "शाले, अर्धा डबा लावला असता तर आज किती आलं असतं?" हरून आला की तोंड पाडून बसायचा, पण थोडक्यात निभावलं हे कधी तोंडातून निघायचं नाही. प्रत्येक शनिवारी तेच बोलणं, तीच समजूत. तिला वाटायचं, दगडाला सांगितलं असतं तर एव्हाना पाझर फुटला असता.

अंतिम सामना नवजवान आणि स्टेशन या संघांत ठरला. त्या आठवड्यात सलिमा वाटीभर तेल मागायला आली. बोलता बोलता तिचा आवाज उतरला.

"जैनूचा घोटा सुजलाय, भाभी. जमिनीला पाय टेकवत नाही. पण दुसरा कीपर नाही म्हणून खेळणार म्हणतोय. कुठं बोलू नको हां."

शालूबाईनं मान हलवली. बोलायचं नाही हे तिच्या मनात अगदी पक्कं होतं. पण रात्री जेवताना नाथाजी म्हणाला, "यंदा नवजवानवरच लावनार," आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तसलं काय करू नगा. स्टेशनवर लावा."

नाथाजीचा घास हातातच राहिला. "का गं?"

तिनं त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. त्यानं पिच्छा सोडला नाही. शेवटी तिनं सांगितलं.

"आगं, मग काढ की सगळा डबा!" तो उठूनच उभा राहिला. "पायच न्हाई त्याचा! ही पैज न्हवं, घरात आल्याली लक्ष्मी हाय!"

"दहावा हिस्सा."

"आतली बातमी हाय, शाले!"

"आतली असू दे न्हाईतर भायेरची. दहावा हिस्सा."

तो बराच वेळ तणतणला आणि मग एकदम म्हणाला, "बरं, तू म्हनशील तसं." इतक्या लवकर तो कधीच ऐकत नसे. तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी दुपारी तिनं ज्वारीच्या पोत्यामागचा डबा काढला. झाकण उघडं आणि आत काही नाही. पायात चपला सरकवून ती एसटीनं मिरजेला गेली. बिराप्पा दुकानाच्या फळीवर बसून पंक्चर काढत होता.

"बिराप्पादा, आमच्या ह्यांनी दिल्यालं पैसं परत द्या. ते माझं हायती."

"वैनी, समोरच्यानं बी तेवढंच टाकलंय," बिराप्पा खाली मान घालून म्हणाला. "आता एकाला परत दिलं तर उद्यापास्नं माझ्याकडं कोन ठेवंल? ह्यात माझा इलाज न्हाई."

आत शिट्टी वाजली. परत जायचं तर पाय निघेना. मैदानाच्या दोरीजवळ सलिमा दिसली, आणि शालूबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

जैनुद्दीन दोन खांबांच्या मध्ये एका पायावर भार देऊन उभा होता. स्टेशनची पोरं चेंडू घेऊन आली की तो त्या दुखऱ्या पायानंच उडी मारी आणि उठताना खांब धरी. सलिमा पदराचं टोक चावत होती. शालूबाईच्या मनाची फार वाईट गत झाली होती. चेंडू खांबांच्या मध्ये जावा, निदान घरचे पैसे तरी यावेत, असं वाटे. आणि तो पोरगा जमिनीवर आपटला की काळजात चर्र होई. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि त्याचा तिला इतका राग आला की तिनं दोरी दोन्ही हातांनी घट्ट पिळली.

उत्तरार्धात नवजवाननं एक गोल चढवला. अगदी शेवटी स्टेशनला पेनल्टी मिळाली. जैनुद्दीननं डावीकडं अंग झोकून दिलं, चेंडू त्याच्या छातीवर बसला, आणि तो छातीशी धरून तसाच पडून राहिला. लोक आत धावले. त्याला खांद्यावर घेतलं, तेव्हा त्याचा पाय वेडावाकडा लोंबत होता.

गर्दीतून नाथाजी आला. चेहरा काळवंडलेला. बायकोला बघून चकित होणं तर राहिलंच, वरून तो तिच्यावरच ओरडला, "तूच म्हनाली हुतीस न्हवं, त्येचा पाय गेलाय म्हणून! म्हणून लावलं मी सगळं!"

सलिमानं मान वळवली. आधी नाथाजीकडं पाहिलं, मग शालूबाईकडं.

"भाभी, माझ्या भावाच्या पायावर पैसे लावले तुम्ही?"

"आगं, म्या न्हाई... म्या फक्त दहावा हिस्सा म्हनत हुते," शालूबाई म्हणाली. शब्द बाहेर पडले आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. सलिमा भावाच्या मागं निघून गेली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. पाय प्लास्टरमध्ये गेला. सलिमा येईना. नळावर भेटली तर कळशी भरून पाठ फिरवी. आणि इकडं पगार झाल्या दिवशी नाथाजी पाच रुपये घेऊन बायकोपुढं बसला. "शाले, दुसरं सामनं सुरू हुत्यात, डबा परत सुरू करू. आवंदा शपथ घेतो, दहावाच लावनार."

शालूबाईला हसावं की कपाळ फोडून घ्यावं कळेना. "डबा मोडीत घातला म्या," ती म्हणाली. "तुमी आसं करा, सायकल काढा. जैनूला दर शनिवारी मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं हाय. सलिमाचा मालक फिरतीवर असतोय. तुमी न्यायचं."

"शनिवारी? आगं, शनिवारी तर..."

"शनिवारीच."

पहिल्या दिवशी सलिमा दारात आडवी उभी राहिली. पण जैनुद्दीन एका पायावर लंगडत बाहेर आला आणि कॅरिअरवर बसला. "राहू दे आपा," तो म्हणाला, "रिक्षाला पैसे कुठून आणायचे?" सलिमानं बाजूला होऊन वाट दिली. शालूबाईकडं बघितलं नाही, पण दारही लावून घेतलं नाही. ते दोघं गेल्यावर शालूबाई तिच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. बऱ्याच वेळानं सलिमा आतून म्हणाली, "चहा ठेवलाय."

दिवस मावळता सायकल परत आली. घाम पुसत नाथाजीनं जैनुद्दीनला उतरवलं, त्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला खाटेवर नेलं. शालूबाईला जरा बरं वाटलं. ती पाणी घेऊन गेली, तर नाथाजी खाटेशी वाकून हळू आवाजात विचारत होता,

"जैनू गड्या, खरं सांग. तू न्हाईस तर पुढच्या सालात कुनाचा जोर असंल रं?"

शालूबाईनं तांब्या खाली आदळला.