गुरुवारची कलेजी

इजिप्तमधल्या दसूक गावच्या त्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध चटईवर अतियात पालथी निजलेली. तिच्या कमरेवर ओल्या कापसाचा बोळा फिरवत, हातानं रोग काढणारे शेख मबरूक गरजत होते, "डॉक्टर चिरतात, मी उपटतो! ना टाका, ना डाग!" एक हिसका दिला आणि मूठ वर काढली. बोटांत लालभडक, लिबलिबीत गाठ. बायका रडायलाच लागल्या.

रगबही रडला. हा तिचा धाकटा भाऊ, धंद्याने खाटीक. सहा वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा ताईनं आपलं एक त्याला दिलं होतं. आता तिच्या उरलेल्या एकुलत्या एकावर गाठ आली होती, लघवीतून रक्त जात होतं. डॉक्टर मुशीरा म्हणाल्या होत्या, ऑपरेशननं मूत्रपिंड वाचायची शक्यता चांगली आहे. रगबनं नेमकं 'शक्यता' तेवढंच ऐकलं, आणि ताईला शेखकडे आणलं.

लघवीतलं रक्त थांबलं. झालं, शेखचा जयजयकार! चार महिन्यांनी ते पुन्हा सुरू झालं.

"गाठ दुप्पट झालीय," डॉक्टर मुशीरांनी फोटो दाखवला.

"पण रक्त थांबलं होतं ना, डॉक्टरीणबाई?"

"रक्त येतं-जातं. गाठ कुठे जात नाही. तेव्हा आला असतात तर गाठीला रक्त पुरवणारी बारीक फांदी तेवढी बंद केली असती. आता मुख्य धमनीलाच चिमटा लावावा लागेल. तेवढा वेळ मूत्रपिंड उपाशी. पंचवीस मिनिटांच्या आत कापून, शिवून चिमटा सोडायचा."

"ते रोबोचं यंत्रच करणार ना सगळं?"

"यंत्राचे हात बारीक असतात, रगब. डोकं माझंच असतं."

ऑपरेशन झालं. चिमटा तेवीस मिनिटं होता. मूत्रपिंड वाचलं, पण वाढलेल्या गाठीबरोबर त्याचा बराच चांगला भागही गेला. डायलिसिस टळलं, जन्मभराचं पथ्य लागलं.

शुद्धीवर येताच ताईनं विचारलं, "तोंड का पाडलंयस? तुझ्यातलं माझं नीट चाललंय ना?"

रगबला शरमेनं तिच्याकडे बघवेना.

पुढच्या गुरुवारी चटईवर दुसरीच बाई होती. शेखनी मूठ वर काढली, तसं त्यानं त्यांचं मनगट धरलं. "लोकहो, ही माझ्या दुकानातली मेंढीची कलेजी. यांचा नोकर दर गुरुवारी सकाळी पाव किलो नेतो. ती या ओल्या कापसात लपवतात."

शेख गुरकावले, "मग तुझ्या बहिणीच्या वेळी का दातखीळ बसली होती?"

"तेव्हाही ओळखली होती." रगबनं मनगट सोडलं नाही. "तुकड्याची कड माझ्याच सुरीनं कापलेली होती. पण ऑपरेशनला मी भ्यालो आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. चटईवर निजली ती ताई, भोगतेय तीच. तुम्ही अल्लाकडे मागा, जरूर मागा. पण लघवीत रक्त दिसलं तर आधी दवाखाना गाठा. आणि डोळ्यांना खोटं दिसलं तर माझ्यासारखे गप्प बसू नका."

चटईवरची बाई उठून बसली, ओली कंबर ओढणीनं पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "रिपोर्ट कुठे ठेवलेत हो?"