एकोणिसावं मिनिट

सिग्नेच्या प्रबंधाला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून झालं होतं. तिथल्या जुन्या रिवाजाप्रमाणे दुपारी तीन वाजता विद्यापीठातल्या लाकडी फळ्यावर तो हातोडीने खिळा मारून ठोकायचा, की पाच वर्षांचं काम चारचौघांपुढे आलं. तोंडी परीक्षा त्यानंतर तीन आठवड्यांनी. हातोडी टेबलावर तयार होती.

परीक्षेच्या भाषणात दाखवायला एक स्वच्छ आलेख हवा, म्हणून सकाळी तिने उंदराच्या मज्जारज्जूचा पातळ काप द्रावणात ठेवला. नेहमीप्रमाणे सव्वानऊला द्रावणातली साखर बंद केली. कापातल्या चेतापेशींच्या विद्युत ठोक्यांची टकटक पडद्यावर चालूच राहिली. तिचा प्रबंध हेच सांगत होता: या पेशींचं साखरेवाचून भागतं. त्यांच्याभोवती दाटीने बसलेल्या ग्लिया पेशींना तिने एका ओळीत निकालात काढलं होतं. नुसता भराव.

साडेनऊला गुनेल दारात आली. ती तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. तिची कॉफीची वेळ कोणी चुकवत नसे. एरवी सिग्ने यंत्र बंद करून, काप टाकून मगच उठायची. आज गुनेलने तिला दंडाला धरूनच उठवलं.

"केक तुझ्यासाठी आणलाय. तुझा काप काय पळून जातोय?"

हिरवा केक कापला गेला. तिला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापक टोर्केलने स्वतःच्या वेळी खिळ्याऐवजी अंगठा कसा ठोकला, ते पुन्हा एकदा सांगितलं. सिग्ने परतली तेव्हा दहा वाजत आले होते.

पडद्यावरची रेघ सपाट होती.

तार निसटली असेल म्हणून तिने तार पाहिली. जागेवर होती. प्राणवायूचे बुडबुडेही येत होते. तिने नोंद मागे नेली. टकटक एकोणिसाव्या मिनिटाला थांबली होती. पाच वर्षांच्या वह्या तिने भराभर उघडल्या. प्रत्येक प्रयोग पंधराव्या मिनिटाला संपत होता.

तिने हाक मारली तशी गुनेल आली, मागून टोर्केल; त्याने वह्या चाळल्या.

"त्यापुढे कधीच पाहिलं नाहीस?"

"नाही. साडेनऊला कॉफी असते."

कोणी हसलं नाही. "मीही कधी विचारलं नाही," टोर्केल हळूच म्हणाला.

"पेशी मेल्यात की उपाशी आहेत, ते तरी बघा," गुनेल म्हणाली.

ग्लिया पेशी साखर फोडून लॅक्टेट बनवतात आणि शेजारच्या चेतापेशींना ते अन्न म्हणून पुरवतात, असं सिग्नेने वाचलं होतं. त्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिने द्रावणात लॅक्टेट सोडलं. चार मिनिटं काही नाही. मग एक टक. मग दुसरी. मग आधीसारखीच टकटक.

सिग्नेने वहीत वेळ टिपली. म्हणजे चेतापेशींचं कधीच आपलं आपण भागत नव्हतं. साखर बंद झाल्यावर तो भराव आपल्या साठ्यातलं त्यांना भरवत होता, साठा संपेपर्यंत.

"हे सिद्ध करायला वर्ष जाईल," टोर्केल म्हणाला. "तसाच ठोकलास, तर कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही."

"माझ्या आलंय ना."

तीन वाजता ती फळ्याजवळ गेली आणि जमलेल्यांना तिने सगळं सांगितलं, कॉफीसकट. प्रबंध काखेतच राहिला. परत येऊन तिने नवा काप ठेवला आणि साखर बंद केली.

प्रयोगशाळेत पेय आणायला बंदी होती, आणि ती गुनेलनेच घातलेली. थोड्या वेळाने सिग्नेने मान वर केली, तर गुनेल उंबऱ्याबाहेर तिच्यासाठी कॉफीचा कप धरून उभी होती.

"कितवं मिनिट?" तिने विचारलं.

"सोळावं," सिग्ने म्हणाली, पण जागची हलली नाही.