थोरली सोडून मला का घेतलं

मित्रांनो, मी शिडावर चालणारी एक लहानशी बोट आहे. जुनी म्हणजे नक्की किती, ते विचारू नका, मी सांगणार नाही. आत दोन माणसांपुरती झोपायची जागा, एक शेगडी, एक घडीचं टेबल. उंच माणूस असेल तर त्यानं मान वाकवूनच वावरायचं. एका सुतारानं मला स्वतःसाठी बांधली, हौसेनं वापरली आणि गुडघे गेले तेव्हा विकली. पुढच्या मालकांनी रंग तरी लावला, त्याच्या पुढच्यांनी तोही नाही. फिरत फिरत मी जुन्या बोटी विकणाऱ्या एका यार्डात येऊन लाकडी टेकूंवर बसले.

माझ्या शेजारी दुसरी बोट होती. यार्डातले लोक तिला थोरली म्हणत आणि मला धाकटी. लांबीला ती माझ्या दीडपट. आत दोन खोल्या, बाथरूम, मोठा आरसा. गिऱ्हाइकं यायची, तिच्याकडे बघून हरखायची आणि मला टेकून बुटातली वाळू झटकायची. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग तेही वाटेनासं झालं.

एके सकाळी एक जोडपं आलं, साठीकडे झुकलेले काका आणि काकू. बंदरावर त्यांचं दुकान होतं, बोटींची शिडं आणि गाद्या शिवायचं. निम्म्या बंदराची शिडं त्यांच्या मशीनखालून गेलेली, पण स्वतःची बोट कधी झाली नाही. सुट्टीच्या दिवशी क्लबच्या होड्या चालवून हौस भागवायची, एवढंच. आता दुकान बंद करून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर्षभर हिंडायचं त्यांनी ठरवलं होतं. बरोबर त्यांची मुलगी होती. ती नर्स. काकांना नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला होता, म्हणून तिनं एक अट घातली होती.

"बाबांना समुद्रात काही झालं, तर आईला एकटीला बोट बंदरात आणता आली पाहिजे. जमणार नसेल, तर दोघांनी गपचूप घरी बसायचं."

"अगं, चांगला धडधाकट उभा आहे मी, आत्ताच कशाला मारतेस?" काका म्हणाले.

"मारत नाहीये. अट सांगतेय."

काकूंनी टेप काढली. दोघं आधी थोरलीत शिरली. गाद्यांची लांबी, दोन बाकांमधलं अंतर, छताची उंची, सगळं मोजून झालं. काका मधोमध उभे राहून हात ताणून फिरले आणि ओरडले, "अगं, इथे पोळपाट-लाटणं घेऊन नाचलीस तरी कुठे लागायचं नाही!" मग माझ्यात आले. आल्या आल्या ठाणकन डोकं आपटलं.

"अहो, बघा की जरा!"

"बघू कसा? मान वर होईना."

झालं. थोरली पसंत पडली. यात त्यांची काही लबाडी नव्हती, चूक मात्र होती, आणि ती त्यांच्या धंद्यातूनच आली होती. ही माणसं जन्मभर धक्क्याला बांधलेल्या किंवा टेकूंवर ठेवलेल्या बोटींत माप घेत आली. बांधलेल्या बोटीत जागा जितकी जास्त तितकं बरं, यात खोटं काहीच नाही. पण बोट समुद्रात अशी शहाण्यासारखी सरळ उभी राहते थोडीच!

मुलगी हटून बसली. दोन्ही बोटी पाण्यात घालून दाखवा म्हणाली. यार्डवाले कुरकुरले, "धाकटीला कशाला उगाच?" पण तिच्यापुढे कोणाचं काही चालत नसावं. क्रेन आली आणि आम्ही दोघी पाण्यात उतरलो.

आधी थोरली गेली. "बाबा, तुम्ही आजारी आहात असं धरायचं. हात मांडीवर," असं मुलीनं बजावलेलं मी धक्क्यावरून ऐकलं. बाहेर काय झालं ते नंतर कळलं, कारण काकू माझ्यात बसून दंडाला बर्फ लावत सगळं सांगत होत्या. बाहेर वारा चांगलाच होता. थोरली एका बाजूला कलली. काकू रेडिओवरून बंदराला हाक द्यायला आत उतरल्या, तर त्या ऐसपैस खोलीत धरायला काही हाताशी येईना. इकडच्या भिंतीवरून सुटल्या त्या थेट तिकडच्या टेबलावर. वर येऊन शीड उतरवायला गेल्या, तर ते वाऱ्यात भरलेलं धूड त्यांना एकटीला आवरेना. शेवटी मुलीनं दोर धरला.

मग माझी पाळी. मीही कलले, खोटं कशाला बोलू? चांगलीच कलले. पण माझ्यात पडायला जागाच नाही. काकूंचा खांदा एका बाजूला टेकला, पाय दुसऱ्या बाजूला, आणि रेडिओ नाकासमोर. माझं शीड त्यांनी एकटीनं खाली घेतलं आणि धापा टाकत त्यावरच बसल्या.

"आपलं माप चुकलं हो," त्या म्हणाल्या. "आपण उभ्या बोटीचं घेतलं."

काका कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाले, "आणि माझी मान?"

"इतकी वर्षं माझ्यापुढे वाकवलीत. आता हिच्यापुढे वाकवा."

अशी मी विकली गेले. मग काकूंनी माझ्यासाठी नवं शीड शिवलं, टाके दुहेरी घातले. सगळे दोर बदलले. "अगं, हा अजून चांगलाय की," काका म्हणायचे. "दिसायला चांगलाय," असं म्हणून त्या दोर काढून टाकायच्या. इतकं लाडकौतुक मी सुताराच्या हातानंतर पाहिलं नव्हतं, मला फार बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात, एका भर दुपारी, बंदर दिसत असताना काकांच्या छातीत कळ आली. ते माझ्या बाकावर आडवे झाले. काकूंनी त्यांना गोळी दिली, पाठीशी उशी लावली, रेडिओवरून हाक दिली आणि सुकाणू हातात घेतलं. वारा अंगावर येत होता. त्यांनी दोर ताणले, मी कलले, एकाही दोरानं दगा दिला नाही. धक्क्यावर माणसं वाट बघत होती. काकांना स्ट्रेचरवर घेऊन सगळे धावले. मला कोणीतरी कसंबसं बांधून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. माझ्या गाठी सोडून तिनं नीट बांधल्या. तळाशी साचलेलं पाणी स्पंजानं टिपून काढलं. मग बाकावर बसून खूप वेळ रडली आणि डोळे पुसून मला म्हणाली, "बाबांनी आज पेज प्यायली."

मित्रांनो, बोटीला त्यावर काही बोलता येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्याकडे सायकल असेल, शिडी असेल, झोपाळा असेल, तर त्याचे ब्रेक, खिळे, दोर अधूनमधून बघत जा. चांगले दिसत असले तरी बघा. त्यांच्या भरवशावर कोणाचं तरी माणूस बसलेलं असतं.