डब्यात न सापडलेली वहिनी

भूक पोटाला लागते की घड्याळाला, याचा निकाल लॅबताईंनी थोरल्या भावावर प्रयोग करून लावला, तेव्हापासून भिंतीवरच्या घड्याळाला हात लावायची त्यांना घरात बंदी होती. प्रयोग साधा होता. घड्याळ तासभर पुढे करायचं आणि बघत बसायचं. दादांनी पेपरातून डोकं वर काढलं, काट्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, वाढा आता. पोटात कावळे ओरडायला लागले." म्हणजे दादांच्या पोटातले कावळे घड्याळ वाचतात, हे सिद्ध झालं. वहिनींवर मात्र प्रयोग फसला. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. सगळ्यांचं आटोपल्यावर, ओटा पुसून झाल्यावर त्या जेवल्या. लॅबताईंनी तेवढा निकाल अनिर्णित म्हणून सोडून दिला.

बाईंची उभी हयात शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून गेली होती. मुलांनी ठेवलेलं 'लॅबताई' हे नाव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. नोकरी संपली, खोड संपली नाही. पालकाच्या रसाने कागद रंगवून, त्यावर चमचे मांडून त्यांनी उन्हात चमच्यांची चित्रं काढली. बिटाच्या रसातली चित्रं दादांच्या पांढऱ्या शर्टावरही निघाली, ती न सांगता. गच्चीवर आरसे लावून त्यांनी स्वयंपाकघरात सूर्य आणला. त्यातला अर्धा समोरच्या घरात गेला आणि तिथले गृहस्थ काळा चष्मा लावून भांडायला आले. वहिनी या सगळ्याची मनात नोंद ठेवून होत्या. त्या कुणाचे उपकार विसरत नसत, आणि डाग तर त्याहून नाही.

न्हाणीघराला लागून एक अडगळीची खोली होती. तिला खिडकी नव्हती, त्यामुळे भर दुपारीही आपला हात आपल्याला दिसत नसे. जगाच्या लेखी ती खोली टाकाऊ होती. लॅबताईंना मात्र तो काळोख म्हणजे आयतं घबाड वाटलं. त्यांनी आत लाल दिवा लावला, जुन्या टेबलावर ताटल्या मांडल्या आणि चहाच्या रिकाम्या डब्याला सुईने भोक पाडून त्याचा कॅमेरा केला. त्याला भिंग नव्हतं की बटण नव्हतं. डब्यात फोटोचा कागद आणि भोकावर काळी चिकटपट्टी. पट्टी काढली की डबा बघायला लागतो, लावली की थांबतो. घरातल्या उजेडात एक दृश्य नीट बघायला त्याला तासभर तरी लागे, कधी त्याहून जास्त. मग लाल दिव्यात तो कागद कॉफी, धुण्याचा सोडा आणि 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांच्या काढ्यात बुडवायचा.

"माझी कॉफी तुमचे कागद पितात, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "पिऊन निदान जागे तरी राहतात का?"

"राहतील वहिनी, राहतील. थोडा धीर धरा."

"धीर धरलाय. डबे ठेवायला जागा नाही धरलेली. सोमवारी सुतार येतोय. त्या खोलीत फळ्या ठोकून घेणार आहे मी, खालपासून वरपर्यंत. पिठाचे, डाळीचे सगळे डबे आत."

लॅबताईंनी दादांकडे पाहिलं. दादांनी न्यायाधीशासारखी आधी बायकोकडे पाहून मान डोलावली, मग बहिणीकडे पाहून डोलावली. याचा अर्थ ते पेपर वाचत होते.

"एक फोटो दाखवा," वहिनींनीच तोड काढली. "चमचा नको, पान नको. माणूस हवा. बघताक्षणी ओळखू आला पाहिजे. रविवारपर्यंत दाखवलात तर खोली तुमची, सुताराला मी परत पाठवीन. नाहीतर ताटल्या तुमच्या, खोली माझी."

ऐकायला हा सौदा गमतीचा वाटला, पण लॅबताईंच्या लेखी त्यात गंमत नव्हती. शाळेत त्या चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरत. या घरात त्यांच्या हुकमाखाली होता तो तेवढा अंधार. तोही गेला की उरणार होती ती भाजी निवडून देणारी, दादांची धाकटी बहीण. ते काम काही वाईट नव्हतं. पण त्यात नवं काय निघणार?

पहिला नंबर लागला कंपाउंडरांचा. दवाखाना कधीच बंद झाला होता, पण दादांचे हे बुद्धिबळातले जोडीदार अजून कंपाउंडरच होते. लॅबताईंनी त्यांना खिडकीत बसवलं आणि बजावलं, "अजिबात हलायचं नाही."

"नाही, नाही, मुळीच नाही," असं म्हणत कंपाउंडरांनी मान हलवली. ती पुढे तासभर हलतच होती, कारण कुणी काहीही म्हटलं तरी होकार द्यायची त्यांना जन्माची सवय. फोटोत सदरा सुरेख आला, खिशातलं पेनसुद्धा आलं. वर मात्र नुसता पांढुरका गोळा.

वहिनींनी कागद उजेडात धरला. "कंपाउंडर नाही म्हणता येणार. पण कोबी छान आलाय."

मग दादा बसले. त्यांनी छाती फुगवली, श्वास रोखला, चेहऱ्यावर कर्तबगारी आणली. ती थोडाच वेळ टिकली. नाकाला खाज सुटली, पाठीला रग लागली, घड्याळाकडे बघावंसं वाटलं. कागदावर दादांना चार डोळे आले आणि एकही धड नव्हता.

कागदही संपत आले होते. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून मिळालेलं ते शेवटचं पाकीट. एका फोटोला दोन कागद लागत, एक डब्यात काळ्याचं पांढरं झालेला उलटा फोटो उमटायला आणि दुसरा त्यावरून सुलटा छापायला. आता जेमतेम दोन फोटोंची बेगमी उरली होती. लॅबताई दारात उभ्या राहून विचार करत होत्या, तेव्हा समोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दादा आणि कंपाउंडर बुद्धिबळाला बसलेले होते. बाजूचा चहा निवून गेलेला. दादांची हनुवटी मुठीवर, कंपाउंडरांचा गाल तळहातावर. कंपाउंडरांची मान चक्क स्थिर होती! समोरच्या भिंतीवर पाल असती तर तीही यांच्याहून जास्त हलली असती.

लॅबताईंनी कपाळावर हात मारून घेतला. 'बस' म्हटलं की माणूस चुळबुळतो. न सांगता बसतो तो असा.

शनिवारी त्यांनी कुणाला पत्ता लागू न देता डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, इतर डब्यांच्या रांगेत. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. डाव रंगला, तशी त्यांनी हळूच पट्टी काढली. सगळं सुरळीत चाललेलं असताना वहिनी चहा टाकायला आल्या आणि त्यांचा हात नेमका त्याच डब्याकडे गेला.

"वहिनी, तो नको!"

"का? काय आहे त्यात?"

"उजेड."

"मग झाकण घट्ट लावा, सांडेल," असं म्हणून वहिनींनी शेजारचा डबा घेतला आणि त्या शेगडीकडे वळल्या.

रविवारी सकाळी लाल दिव्याखाली कागद काढ्यात पडला. आधी काहीच नव्हतं. मग टेबलाची कड वर आली. मग दादांची मूठ, मुठीवर हनुवटी, कानावरचे केससुद्धा. कंपाउंडर डोक्यासकट आले. लॅबताईंना ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या कागदावर सुलटा फोटो छापून, धुऊन, टिपून त्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या.

फोटोत शेगडी होती, ओटा होता, भांडी होती. आणि कालची सगळी सकाळ त्या ओट्यापाशी वावरणारी बाई फोटोत नव्हती.

अट 'माणूस ओळखू आला पाहिजे' एवढीच होती. ती तर पुरी झाली होती, एकाच्या जागी दोन माणसं आली होती. पण हा कागद कुठल्या तोंडाने वहिनींच्या हातात द्यायचा? नुसत्या दादांपुरता कापून दाखवावा, असंही मनात येऊन गेलं. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. निघालेला निकाल कापून दाखवायला त्या कधी शिकल्या नव्हत्या. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"मी!" दादा ओरडले. "हुबेहूब मी! कंपाउंडर, हे बघा तुमचं नाक!"

"हो हो, माझंच," कंपाउंडर मान हलवत म्हणाले.

वहिनी पदराला हात पुसत आल्या, वाकून बघत राहिल्या. "छान आलंय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मी कुठे आहे?"

दादांनी फोटो उलटा करून मागची बाजू पाहिली.

"अहो, मी इथेच होते की. दोनदा चहा दिला या दोघांना. भाजी केली, पोळ्या केल्या. वन्सं, मी कुठे आहे?"

"वहिनी, हा डबा सावकाश बघतो," लॅबताईंचा आवाज खाली गेला. "जो एका जागी बसला तो त्याला दिसतो. जो सारखा हलत राहिला, त्याला धरायला डब्याला वेळच मिळत नाही."

"आणि हे शेगडीजवळ धुरकट काय आहे?"

"त्या तुम्ही."

दादांना गप्प बसणं जमलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण ते जिंकलेल्या माणसाच्या थाटात म्हणाले, "बघ! तू म्हणतेस ना, मी घरात कुठेच नसतो? हा घे पुरावा. घरभर मीच आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे. आणि त्या अशा हसल्या, की कंपाउंडर आपली छत्री शोधायला लागले.

"वन्सं, कागद उरलेत?"

"एका फोटोपुरते."

"भरा डब्यात." त्यांनी दादांची खुर्ची ओढली, तीत त्या बसल्या, पाठ टेकली आणि दादांचा पेपर मांडीवर घेतला. "किती वेळ बसायचं?"

"स्वयंपाक होईपर्यंत तरी," लॅबताई म्हणाल्या आणि मग त्यांच्याही ध्यानात आलं.

"कुणाचा स्वयंपाक?" दादांनी विचारलं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"मी निघतो," कंपाउंडर म्हणाले.

"कांदे चिरा," वहिनी म्हणाल्या. "आता मी बोलणार नाही. ओठ हलले तर फोटो बिघडतो."

लॅबताई काळोखात जाऊन कागद भरून आल्या. डबा फळीवर गेला, पट्टी निघाली, आणि त्या घरात जे कधी झालं नव्हतं ते सुरू झालं. दादा शेगडीपासून नळापर्यंत, नळापासून कपाटापर्यंत, कपाटापासून पुन्हा शेगडीपर्यंत धावू लागले. "अगं, मोठं पातेलं कुठे असतं?" उत्तर नाही. "तांदूळ किती घेऊ?" उत्तर नाही. कंपाउंडर कांद्यापुढे ढसाढसा रडत होते आणि रडता रडता होकार देत होते. भात खाली लागला, भाजी उतू गेली. वहिनी दगडी पुतळ्यासारख्या बसून पेपरातल्या एकाच पानाकडे बघत होत्या. उकळीचा आवाज आला की त्यांच्या पायाची बोटं मात्र आवळली जात. लॅबताईंना ते दिसत होतं. इतकी वर्षं उठायची सवय असलेल्या बाईला न उठणं केवढं जड जातं, हे त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"मीठ!" दादा ओरडले. "मिठाचा डबा कुठला?" आणि लॅबताई नळाशी सोड्याचे हात धूत असताना त्यांनी फळीवर हात टाकला, थेट कॅमेऱ्याच्या डब्यावर. झाकणाला बोटंही लागली.

लॅबताई ओल्या हातांनीच फळीकडे धावल्या.

"डावीकडचा," खुर्चीतून आवाज आला. मान हलली नव्हती, डोळे पेपरातच होते.

दादांचा हात डावीकडे गेला.

जेवण झालं. कसं झालं ते कुणी बोललं नाही. मग चौघेही त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. लाल उजेडात दोन्ही कागदांचे सोपस्कार झाले. शेवटी ताटलीतल्या सुलट्या कागदावर खुर्ची आली. खुर्चीत वहिनी आल्या. कपाळ, कान, हाताच्या शिरा, पदराचा काठ, मांडीवरच्या पेपरातली मोठी अक्षरंसुद्धा. फक्त ओठ जरासे पुसट झाले होते, 'डावीकडचा' म्हणण्यापुरते, आणि त्यामुळे बाई हसतेय असं वाटत होतं. मागे शेगडीजवळ एक उंच धुराचा लोट होता. कांद्याच्या ढिगापाशी दुसरा, आखूड.

"मी कुठे आहे?" दादांनी विचारलं.

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

सोमवारी सुतार फळ्या घेऊन आला. "डबे किती उंचीचे आहेत?" त्याने विचारलं.

"डबे नाहीत. ताटल्या आहेत, पसरट," वहिनी म्हणाल्या. "आणि उंची वन्संच्या कोपराला धरून घे, त्यांना वाकायला लागू नये. ती फळी इथे नको रे, दिव्याखाली हवी. असं नाही. सरक, मी दाखवते."

लॅबताईंनी हातातली चिकटपट्टी घट्ट धरली.

तो फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे, घड्याळाच्या शेजारी. येणारा प्रत्येक जण आधी वहिनींना ओळखतो, मग मागच्या लोटाकडे बोट दाखवून विचारतो, हे काय?

"आमचे हे," वहिनी सांगतात. "त्या दिवशी फार कामात होते."